थंड झरा, ऊन झरा

झरा पाहायचा म्हणून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करावा आणि तेथे पोहोचल्यावर पाण्याचा एक थेंबही दिसू नये, असे तुमच्या बाबतीत कधी घडले आहे का? आमच्या बाबतीत गेल्या मे महिन्यात घडले. आमच्या घरातील आजीची फार दिवसांची इच्छा होती, राजापूरची गंगा पाहायची. म्हणून आजी, आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी असे पाचजण भल्या पहाटे कोल्हापूरहून निघालो. बरोबर भाकरी, पिठले, मिरचीचा खर्डा ही शिदोरी होती आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून घेतलेली एक तापमापीही होती. शिदोरी दुपारपर्यंत संपली. तापमापीने मात्र दिवसभर आम्हाला विचार करायला लावले. त्या दिवशी जे पाहिले आणि जे पाहायला मिळाले नाही, त्याचीच ही गोष्ट आहे. चला, तुम्हीही आमच्याबरोबर निघा.

घाटमाथ्यावरचा प्रश्न

कोल्हापूर सोडून कळ्यावरून पश्चिमेकडे गेले की पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा लागतो. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्याला त्याच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक. येथे क्षणभर थांबा आणि मनाशी एक गंमत करून पाहा. समजा, पावसाचे दोन थेंब येथे शेजारी शेजारी पडले. पूर्वेकडे घरंगळलेला थेंब कुंभी नदीत जाईल, तेथून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि हजारावर किलोमीटर प्रवास करून बंगालच्या उपसागरात. पश्चिमेकडे घरंगळलेला थेंब घाट उतरून वाघोटण नदीतून विजयदुर्गच्या खाडीत जाईल. त्याचा सरळ रेषेतला प्रवास उणापुरा पन्नास-साठ किलोमीटरचा. अशा माथ्याला भूगोलात ‘जलविभाजक’ म्हणतात.

“आणि जो थेंब कुठेच घरंगळला नाही, तिथेच जिरला, त्याचं काय?” धाकटीने विचारले.

प्रश्न फार चांगला होता. दिवसभर आम्ही या तिसऱ्या थेंबाचाच माग काढला.

जांभ्याची टोपी

भुईबावड्याचा घाट उतरून खारेपाटणमार्गे राजापूरकडे जाताना दोन्ही बाजूंना सपाट, काळपट लाल माळ दिसू लागतात. कोकणात त्यांना ‘सडा’ किंवा ‘कातळ’ म्हणतात. मे महिन्यात सड्यावर चालणे म्हणजे तापल्या तव्यावर चालणे. गवत वाळलेले, झाडे खुरटी. पाहणाऱ्याला वाटते, ही निव्वळ ओसाड जमीन आहे. पण दगडाचा एक तुकडा हातात घेऊन नीट पाहा. तो भोकाभोकांचा आहे, अगदी जाळीदार आंबोळीसारखा. हाच जांभा. त्याचे कापलेले ठोकळे म्हणजे कोकणातील घरांच्या भिंतींचे चिरे.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो बनला. पुढे लाखो वर्षे ऊन आणि मुसळधार पाऊस यांचा त्यावर मारा झाला. खडकातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली. मागे राहिली ती मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. लोखंडाला गंज चढला की तो लाल दिसतो, तसाच जांभाही लोहामुळे लाल दिसतो. फ्रान्सिस बुकानन या संशोधकाने मलबारात असा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. जमिनीतला ओलसर दगड सहज कापता येतो आणि हवेत राहिला की कठीण होतो, म्हणून हे नाव चपखल बसले.

जांभ्याच्या थराखाली बहुतेक ठिकाणी पांढरट-जांभळट चिकणमाती असते. या दोन थरांतच झऱ्याचे मर्म आहे. जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी सहज खाली उतरते. चिकणमाती त्याला पुढे जाऊ देत नाही. खाली जाता येत नाही, मग पाणी आडवे सरकते. जेथे डोंगराचा उतार हे दोन थर कापतो, तेथे ते बाहेर पडते. तो झाला झरा! सडा म्हणजे दगडाचा स्पंज आणि चिकणमाती म्हणजे त्याखालची बशी, असे समजा.

या स्पंजात किती पाणी मावत असेल? हिशोब तुम्हीच करा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. कोकणात पाऊस ३००० मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर धरू. गुणाकार केला की एका हेक्टरवर पडणारे पाणी ३०,००० घनमीटर, म्हणजेच ३ कोटी लिटर भरते. त्यातला दहावा हिस्सा मुरला असे मानले, तरी एका हेक्टरच्या सड्यात ३० लाख लिटर पाणी गेले. या जमिनीला ओसाड कसे म्हणायचे?

कोरडे कुंड

राजापूर गावाजवळ, उन्हाळे गावाच्या हद्दीत एका टेकडीवर गंगेचे स्थान आहे. जांभ्याने बांधलेली चौदा कुंडे, त्यांत मूळगंगा आणि गोमुख असलेले काशीकुंड ही प्रमुख. परंपरा अशी सांगते, की येथे साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक पाणी प्रकट होते, सुमारे तीन महिने राहते आणि जसे आले तसेच नाहीसे होते. अलीकडे हा क्रम पूर्वीसारखा राहिलेला नाही. गंगा कधी लवकर येते, कधी जास्त दिवस राहते.

आम्ही गेलो तेव्हा गंगा आलेली नव्हती. सगळी कुंडे कोरडी! तळाशी वाळलेली पाने तेवढी होती. आजी काशीकुंडाच्या पायरीवर गप्प बसून राहिली. “एवढ्या लांब आलो आणि गंगामाईच नाही,” एवढेच ती म्हणाली.

पाणी आपोआप येते आणि आपोआप जाते, हे घडते तरी कसे? नेहमीचा झरा पावसाळ्यात जोरात वाहतो, हिवाळ्यात मंदावतो आणि उन्हाळ्यात करंगळीएवढा होतो. वर्षानुवर्षे कोरडे राहून एकदम वाहू लागणे ही निराळी गोष्ट आहे. अशा झऱ्यांना ‘आंतरायिक झरे’ म्हणतात. जगात ते इतरत्रही आहेत. जेरुसलेमचा गिहोन झरा पूर्वापार याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील एक झरा तर काही मिनिटे वाहतो, काही मिनिटे थांबतो आणि पुन्हा वाहू लागतो.

वसुदेवाचा प्याला

मी वाळलेल्या पानाच्या काडीने धुळीत वक्रनलिकेची आकृती काढून मुलांना समजावू लागलो. आजी बघत होती. मध्येच म्हणाली, “अरे, हा तर आपल्या देवघरातला वसुदेवाचा प्याला की!”

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा प्याला आहे का? पितळेच्या वाटीत मधोमध वसुदेव उभा असतो, त्याच्याजवळ बाळकृष्ण. वाटीत पाणी ओतत जावे. पाणी कृष्णाच्या पायाला लागले, की वाटीच्या बुडातून वाहू लागते आणि सारी वाटी रिकामी होते. यमुनेला पूर आला आणि कृष्णाच्या पायाचा स्पर्श होताच तो ओसरला, ही कथा आपल्या कारागिरांनी अशी पितळेत उतरविली आहे. चमत्कार वाटतो, पण वसुदेवाच्या पोटात एक वाकवलेली नळी दडलेली असते. तिचे एक तोंड वाटीत तळाशी उघडते, दुसरे वाटीच्या बुडातून बाहेर जाते आणि तिचा बाक कृष्णाच्या पायाच्या उंचीवर असतो. पाणी बाकापर्यंत चढेपर्यंत काहीच घडत नाही. बाक ओलांडला की नळी भरते, बाहेरच्या लांब बाजूतील पाणी आपल्या वजनाने खाली पडू लागते आणि हवेचा दाब वाटीतील पाण्याला त्याच्यामागे नळीत ढकलतो. पाण्याची पातळी नळीच्या आतल्या तोंडाशी येईपर्यंत हे चालू राहते. मग नळीत हवा शिरते आणि सारे थांबते.

आता हाच प्याला डोंगराच्या पोटात असल्याची कल्पना करा. खडकात एक पोकळी आहे. सड्यातून झिरपणारे पाणी तिच्यात हळूहळू साठते. पोकळीतून बाहेर येणारी भेग आधी वर जाते आणि मग वळून खाली उतरते. पाणी त्या बाकापर्यंत चढले, की गंगा आली! पोकळी रिकामी झाली, की गंगा गेली! यासाठी एक अट मात्र आहे. बाहेर जाणारे पाणी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वेगाने गेले पाहिजे. नाहीतर पोकळी कधी रिकामीच होणार नाही आणि झरा अखंड वाहत राहील.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. राजापूरच्या गंगेबद्दलचा हा खुलासा म्हणजे अनुमान आहे. अनुमान पटले म्हणून ते सिद्ध होत नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घ्यावी? गंगा कोणत्या तारखेला आली आणि किती दिवस राहिली, याची नोंद ठेवायची. त्याच्या आधीच्या प्रत्येक वर्षी राजापुरात किती पाऊस पडला तेही लिहायचे. पोकळी पावसाच्या पाण्यानेच भरत असेल, तर भरपूर पावसाच्या वर्षांनंतर गंगा लवकर यायला हवी आणि अवर्षणानंतर उशिरा. अशी वीस-पंचवीस वर्षांची नोंद आलेखावर मांडली, तर अनुमान तरते की बुडते ते दिसेल. या प्रयोगाला वही आणि चिकाटी लागते, यंत्रे लागत नाहीत.

“म्हणजे आत्तासुद्धा आत पाणी भरतंय म्हणायचं,” आजी उठता उठता म्हणाली. कोरड्या कुंडाला तिने नमस्कार केला.

ऊन पाणी कोठून येते?

टेकडी उतरून आपण उन्हाळ्याला येऊ. उन्हाळे हे गावाचे नाव. येथे महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि त्याच्याजवळ गरम पाण्याचा झरा आहे. वरची कुंडे कोरडी असली तरी हा झरा वाहत होता. मुलांनी धारेत तापमापी धरली. पारा चाळीस अंश सेल्सियसच्या थोडा वर जाऊन थांबला. अंगाला सोसवेल असे छान ऊन पाणी! प्रवासाने शिणलेल्या आजीने त्यात पाय सोडले आणि तिचा चेहरा खुलला.

खाली ज्वालामुखी असेल का? नाही. सह्याद्रीचा लाव्हारस कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाला आहे. मग गंधकामुळे पाणी तापते का? पुष्कळांची तशी समजूत असते. काही गरम झऱ्यांना गंधकयुक्त वायूचा वास येतो हे खरे, पण पाणी तापते ते त्यामुळे नव्हे. ते तापते पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने. पृथ्वी घडतानाची काही उष्णता अजून आत शिल्लक आहे आणि खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम या मूलद्रव्यांच्या किरणोत्सर्गातून नवी उष्णता सतत निर्माण होत असते. म्हणून जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश.

आता पेन्सिल घ्या. कोकणातील जमिनीचे सरासरी तापमान २७ अंश धरा. झऱ्याचे पाणी ४२ अंश असेल, तर ते १५ अंशांनी अधिक तापले आहे. किलोमीटरला ३० अंश या हिशोबाने ते निदान अर्धा किलोमीटर खोल जाऊन आले असले पाहिजे. ‘निदान’ असे म्हटले, कारण वर येताना ते थोडेफार निवतेच. खरी खोली याहून जास्तच निघेल.

या झऱ्यांतील पाणीही मूळचे पावसाचेच. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले, की ते पाणी कोठून आले हे ओळखता येते. शास्त्रज्ञांनी कोकणातील गरम पाणी असे तपासले, तेव्हा त्याचे मूळ पावसात सापडले. पाणी खोल भेगांतून हळूहळू उतरते, तापते आणि एखादी सरळ भेग सापडली की निवायला फारशी सवड न मिळता झपाट्याने वर येते.

अशा भेगा एकट्या राजापुरात नाहीत. महाराष्ट्राचा नकाशा उघडा. पालघर जिल्ह्यातील कोकनेर, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली, रायगड जिल्ह्यातील पालीजवळचे उन्हेरे व महाडजवळचे सव, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे या गावांवर तांबड्या पेन्सिलीने टिंबे द्या. सुमारे ३५० किलोमीटर लांबीची, किनाऱ्याला समांतर अशी टिंबांची रांग तयार होईल. या पट्ट्यात अठरा ठिकाणी मिळून साठेक गरम झरे आहेत. त्यांचे तापमान ३४ पासून सुमारे ७१ अंशांपर्यंत असते. किनारा घडताना खडक जेथे तडकले, त्याची ही खूणच आहे. आणखी एक गंमत पाहा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे! आपल्या पूर्वजांजवळ तापमापी नव्हती, पण त्यांनी निरीक्षण गावाच्या नावातच नोंदवून ठेवले.

तर मग धाकटीच्या तिसऱ्या थेंबाचे काय होते, ते आता सांगता येईल. सड्यात थोडासाच खोल गेला, तर तो थंड झरा होतो. निदान अर्धा किलोमीटर खोल गेला, तर ऊन झरा होतो. पाऊस एकच, फरक पडतो तो जमिनीखालच्या वाटेने.

समुद्रकाठची गोड विहीर

दुपार कलल्यावर आम्ही आडिवऱ्याजवळील वेत्येच्या किनाऱ्यावर गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यासाठी या किनाऱ्यावर येतात. याच परिसरात कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या प्रचंड हत्तीचे कातळशिल्प आहे. राजापूर तालुक्यातील बारसू आणि देवाचे गोठणे येथेही अशी शिल्पे आहेत. कोकणातील या कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ज्या सड्याला आपण ओसाड म्हणत होतो, तोच कोणा आदिमानवाचा फळा होता!

किनाऱ्याच्या गावात माडांच्या सावलीत विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीचे पाणी गोड. असे का? गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. म्हणून जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. वाळूसारख्या सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. आता हे उलट वाचा. पंप लावून ती पातळी १ मीटर खाली ओढली, तर खालचे खारे पाणी ४० मीटर वर सरकू पाहते! विहीर खारी व्हायला मग वेळ लागत नाही, आणि खारी झालेली विहीर पुन्हा गोडी करणे फार अवघड असते. तिला सांभाळते ते मागच्या सड्यातून सावकाश झिरपत येणारे पाणी.

म्हणून सड्याची काळजी घेतली पाहिजे. चिऱ्यांच्या खाणी कोकणात पुष्कळ आहेत. घराला चिरा लागतो, हे खरे. पण चिरा यंत्राने भराभर कापून नेला आणि सडा चिकणमातीपर्यंत खरवडला, की स्पंज गेला आणि नुसती बशी उरली. बशीतले पाणी पावसाळ्यात वाहून जाईल आणि मार्चमध्ये खालच्या वाडीतला झरा आटेल. खाण कोठे काढावी आणि कोठे काढू नये, हे ठरविण्याआधी कोणता झरा कोणत्या सड्यावर जगतो, हे माहीत असायला हवे. ही माहिती तुम्हीसुद्धा गोळा करू शकता.

बादली आणि घड्याळ

कोल्हापूरच्या मुलांना त्यासाठी कोकणात जायला नको. पन्हाळ्याचा माथाही जांभ्याचाच आहे, आणि गडावरची नागझरी सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या गावाजवळचा असा एखादा झरा निवडा. बरोबर माप माहीत असलेली बादली व सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. गावातील वडीलधाऱ्यांना विचारून जा आणि एकट्याने जाऊ नका. सगळी धार बादलीत पडेल अशी बादली धरा. ती भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

समजा, पंधरा लिटरची बादली डिसेंबरात ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १८ लिटर आणि दिवसाला २५,९२० लिटर. खेड्यातील माणशी रोजच्या ५५ लिटरच्या मापाने, ही मनगटाएवढीही नसलेली धार ४७१ माणसांना पुरते! तीच बादली मे महिन्यात भरायला ३०० सेकंद लागले, तर दिवसाला ४,३२० लिटर, म्हणजे फक्त ७८ माणसांपुरते पाणी. झरा ‘कमी झाला’ असे सगळेच म्हणतात. किती कमी झाला, हे तुमची वही सांगेल.

दर महिन्याच्या एकाच तारखेला हे मोजमाप करा. त्याबरोबर पाण्याचे तापमान आणि त्या महिन्याचा पाऊसही लिहा. सलग तीन वर्षे हे काम केले आणि शाळा सोडताना वही धाकट्या वर्गाच्या हाती दिली, तर दहा-बारा वर्षांत तुमच्या शाळेजवळ अशी नोंद तयार होईल, की मोठ्या माणसांनाही ती मागायला यावे लागेल.

आमच्या धाकटीने परतीच्या वाटेवरच वही घातली आहे. पहिल्या पानावर तिने तारीख लिहिली, खाली ‘राजापूरची गंगा’ आणि त्यापुढे ‘कोरडी’. थोरला तिला हसला, “नाही आली ते काय लिहितेस?” पण तिचेच बरोबर आहे. गंगा केव्हा नव्हती हे ठाऊक असल्यावाचून ती किती दिवसांनी आली, हे कसे कळणार? आजीने मात्र बजावून ठेवले आहे, गंगा आल्याची बातमी कळली की परत निघायचे. त्या दिवशी बरोबर तापमापी असेल, बादली असेल आणि देवघरातला वसुदेवाचा प्यालाही असेल.

तुम्ही निवडलेल्या झऱ्याचे नाव आणि पहिल्या मोजमापाचे आकडे आम्हाला जरूर कळवा.